पाहुण्याचा पहिला नकार

पोर्टनाशी, डोनेगॉल, आयर्लंड
३ जुलै १९८४

प्रिय ब्रीजी,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून आत्तापर्यंत तू ग्लासगोभर करून टाकलं असशील की आमची ऊना बस चालवायला लागल्यापासून फार मोठी झाली. झालेच आहे. माझा पॅकी गेल्यावर ही बस विकून टाक असं सांगणाऱ्यांत तू पहिली होतीस, हे मी विसरलेले नाही. ज्या बसमधून तो शाळेची पोरं न्यायचा तिच्यातून मी आता अमेरिकन नेते. पोरं बरी होती असं कधीकधी वाटतं. ती निदान पूर्वजांची थडगी शोधायला उतरत नव्हती.

सहल अजून तशीच आहे. सकाळी चर्चच्या फाटकापासून निघायचं. आर्डराला माग बघायचे, आसारांकाच्या धबधब्यापाशी फोटो, ओहोटी असली तर माघेराच्या गुहा, ग्लेनकोलमकिलला गवती छपरांची घरं, आणि सगळ्यात शेवटी श्लीव लीगचे कडे. कडे धुक्यात असतात. मी लोकांना सांगते, "अरेरे, काल दिसले होते." कालही हेच सांगितलेलं असतं. मग सगळ्यांना माझ्या स्वयंपाकघरात आणून चहा पाजायचा, म्हणजे ते कडे विसरतात.

मागच्या आठवड्यात एक डच गृहस्थ आले. वीब्रन हुक्स्ट्रा नाव, मिसेस शार्कीकडे उतरलेत. उंच, हाडकुळे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. जन्मभर बेटांवर जाणाऱ्या बोटींची इंजिनं सांभाळली, आता नोकरी सोडून हिंडतायत. आता सांगते ते ऐक. सहलीनंतर सगळे टेबलाशी बसलेले, टपाल कचेरीतली कॉन्सेप्टा आणि मिसेस शार्कीही नेहमीसारख्या सहज म्हणून डोकावलेल्या. मी त्यांना विचारलं, "चहा घेणार?"

ते म्हणाले, "हो."

बस, एवढंच. "छे हो, नको, आत्ताच झाला" नाही, "उगाच तुम्हाला त्रास" नाही. पहिल्या झटक्यात हो. कॉन्सेप्टाने माझ्याकडे पाहिलं, मी मिसेस शार्कीकडे. मी तर किटलीसुद्धा चढवली नव्हती, कारण तीनदा विचारून होईपर्यंत पाणी उकळतंच की. बिचारे रिकाम्या कपापुढे बसून राहिले.

त्यांना कडे दिसले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी परत आले. मग परवा परत. परवाही धुकंच होतं.

आर्चीला आठवण सांग. ग्लासगोच्या जत्रेच्या सुटीत येताय ना? गादी उन्हात टाकून ठेवते, ऊन पडलं तर.

तुझी,
ऊना


ग्लासगो
१५ जुलै

ऊने,

येत नाही आम्ही. आर्ची वॉलपेपर लावायला शिडीवर चढला आणि शिडीने त्याला ठेवून घेतलं नाही. पाय प्लास्टरमध्ये आहे. त्याला झोपून दुखत नाही, मला त्याच्यामागे धावून दुखतंय. इथला सगळा डोनेगॉल सुटीला घरी निघालाय आणि मी इथे खिडकीतून त्यांच्या बॅगा बघतेय. रडायला आलं म्हणून सांगते, हसू नकोस.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात अमेरिकनांना दोन ओळी आणि त्या डच माणसाला अर्धं पान. मी शाळेच्या स्वयंपाकघरात वाढप करते, कुणाच्या ताटात काय जास्त पडलंय ते मला लांबून कळतं. धुकं बघायला कुणी तीनदा जात नाही, बाई. धुकं ग्लासगोतही आहे, हॉलंडातही असेल. तो कडे बघायला येत नाहीये.

दिसायला कसा आहे? हाडकुळा म्हणालीस, ते तू खायला घालून ठीक करशील. बसमध्ये बसतो कुठे? पुढे की मागे? आणि हे टेलिफोनवर सांगू नकोस, कॉन्सेप्टा जोडणी करून देते ती कान लावूनच. मागच्या वेळी मी तुला माझ्या गुडघ्याबद्दल सांगत होते तर मधेच तिनेच औषध सुचवलं होतं. पत्रच लिही, आणि पाकिटात घाल.

तुझी,
ब्रीजी


पोर्टनाशी
३० जुलै

प्रिय ब्रीजी,

पुढे बसतात. पण त्याचं कारण गेट आहे, तू समजतेस ते नाही. कड्यांकडे चढणाऱ्या रस्त्यावर ह्यूई डूगनच्या मेंढ्यांचं गेट आहे ना, पुढच्या सीटवरच्या माणसाने उतरून ते उघडायचं, बस गेली की लावायचं. अमेरिकन उघडतात आणि लावायचं विसरतात. हे लावतात, आणि लावल्यावर एकदा हलवून बघतात. मला असला माणूस किती वर्षांत भेटला नव्हता.

ते अजून इथेच आहेत. एका आठवड्यासाठी आले होते. कडे मात्र अजून दिसलेले नाहीत.

समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी स्टिअरिंगवरून एक बोट उचलते, तर मला विचारत होते, ह्या सगळ्यांना तुम्ही ओळखता? म्हटलं, नाही. मग का? म्हटलं, ओळखीचे निघाले तर? दुसऱ्या दिवशी शेजारी बसून तेही बोट उचलायला लागले. आता लोक मला विचारतात की तुझ्या बसमधून दोन बोटं कुणाची.

ग्लेनकोलमकिलच्या चढावर बस बसली. तेरा माणसं, भुरभुर पाऊस, आणि चावणारी चिलटं. त्यांनी कोट काढला, आत शिरले, आणि मी लोकांना धबधब्याची गोष्ट सांगून होईपर्यंत इंजिन चालू. वर म्हणाले, हिला हिवाळाभर उघडून नीट करायला हवं, नाहीतर पुढचा उन्हाळा ही काढणार नाही. ते मलाही माहीत आहे. बस बसली तर सहली बसल्या, आणि मग मला किलीबेग्सच्या मासळीच्या कारखान्यात उभं राहायचं. त्याचा विचार करायचा नाही असं मी ठरवलंय.

तर आभार म्हणून त्यांना घरी बोलावलं आणि परसातल्या आंबट रुबार्बचा गोड टार्ट केला. एक फोड खाल्ली. मी दुसरी वाढायला लागले तर "नको" म्हणाले. साहजिकच वाढली. मग परत "नको." परत वाढली. दुसऱ्या दिवशी मिसेस शार्की सांगत आली की पाहुणे रात्रभर पोट धरून बसलेत. मी सूप घेऊन गेले. पांढरेफटक पडलेले. म्हणाले, मी तर नको म्हटलं होतं. म्हटलं, अहो, पण ते पहिलं नको होतं.

"मग खरं नको कितवं असतं?"

आता हे काय शिकवायचं असतं का कुणाला? तरी समजावलं. म्हटलं, इथे पाहुण्याने आधी नको म्हणायचं असतं, नाहीतर तो हावरट दिसतो. घरच्या माणसाने आग्रह करायचा. दुसऱ्यांदा पाहुण्याने जरा कमी जोरात नको म्हणायचं. तिसऱ्यांदा घ्यायचं. ते उशीवर पडून धड्यासारखं ऐकत होते. पाहुण्याने, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, असं पुटपुटलेसुद्धा. हसू आवरेना मला, सूप सांडलं.

आर्चीच्या पायाला काय म्हणतात डॉक्टर?

ऊना


ग्लासगो
८ ऑगस्ट

ऊने,

पाय बरा आहे, माणूस नाही. आता घंटी आणून दे म्हणतो, हाक मारून घसा दुखतो म्हणे.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बस उघडून नीट करणारा आणि गेट लावणारा माणूस मिळाला तर तूसुद्धा मला सोडून जा, मी समजून घेईन. गंमत बाजूला. पॅकी गेल्याला सहा वर्षं होतील. तू आमच्यात सगळ्यात जास्त हसायचीस, आणि मधली कितीतरी पत्रं मी वाचली ती नुसती हवामान खात्याची होती. ह्या पत्रात तू सूप सांडलंस. माझं मन भरून आलं ते वाचून.

रविवारी प्रार्थनेनंतर त्याला जेवायला बोलव. कोबी, बेकन, बटाटे, काही फार करू नकोस. आणि टार्ट एकच फोड.

ब्रीजी


पोर्टनाशी
२४ ऑगस्ट

प्रिय ब्रीजी,

इथे सगळं ठीक. हवा सुधारली आहे. बारीक वारा आहे, त्यामुळे चिलटं कमी. बटाटे चांगले आलेत. ह्यूई डूगनची एक मेंढी डबक्यात पडली होती, ती काढली, तिच्याबरोबर ह्यूईही पडला होता, त्यालाही काढलं. आर्डराच्या मागवाल्यांनी नवीन निळा रंग काढलाय, तुझ्यासाठी स्कार्फ घेऊन ठेवला आहे. माघेराच्या गुहांपाशी एक फ्रेंच बाई भरतीचं न ऐकता आत गेली आणि बूट हातात घेऊन बाहेर आली. फादर मोनहन सुटीवर आहेत, त्यांच्या जागी आलेले तरुण फादर फार भरभर प्रार्थना म्हणतात, लोक खूश आहेत.

डच गृहस्थ मंगळवारी परत गेले.

सप्टेंबरात माणसं कमी होतील. मी मग बसचं काय करायचं ते बघेन.

ऊना


ग्लासगो
३० ऑगस्ट

ऊने,

मेंढीला चार ओळी, ह्यूईला दोन, फ्रेंच बाईच्या बुटांनाही जागा मिळाली, आणि त्या माणसाला एक. तू लहानपणी कपबशी फोडलीस की आधी मावशीला अंगण झाडून द्यायचीस, मला माहीत आहे.

काय झालं ते सरळ लिही. मी वाट बघते आहे.

ब्रीजी


पोर्टनाशी
९ सप्टेंबर

ब्रीजी,

बरं, ऐक. आणि वाचून झालं की चुलीत घाल.

त्यांच्या जायच्या आदल्या दिवशी शेवटची सहल होती. म्हणजे सहल नव्हतीच, दुसरं कुणी आलं नाही, आम्ही दोघंच. मी म्हटलं, जाऊन काय करायचं, धुकं असणार. ते म्हणाले, जाऊ या. गेटपाशी उतरले, उघडलं, लावलं, हलवून बघितलं. वर पोचलो आणि धुकं उठलं. ब्रीजी, मी इतकी वर्षं जातेय, असे कडे मी पाहिले नव्हते. तळापासून माथ्यापर्यंत सगळे रंग, गंजाचा, हिरवा, जांभळा, आणि खाली समुद्र इतका लांब की लाटेचा आवाज वर पोचेना. आणि हा माणूस, जो दोन महिने हे बघायला येत होता, त्याच्याकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून उभा.

म्हणाले, मी विचार केला आहे. मी इथे राहू शकतो. हिवाळ्यात बस पूर्ण उघडून नीट करतो. वसंतात आपण दोघं मिळून सहली काढू. आणि फक्त सहलींबद्दल बोलत नाहीये, मला तुमच्याबरोबर राहायला आवडेल.

हे सगळं एका दमात, टोपी हातात घेऊन. मी काय म्हणणार होते? मी म्हटलं, "अहो नको, कशाला. तुमची उगाच हिवाळाभर गैरसोय."

ते म्हणाले, "बरं. समजलो."

आणि टोपी घातली, वळले, आणि कडे बघायला लागले.

मी तिथेच उभी राहिले. म्हटलं आता वळून परत विचारतील. खाली उतरताना गेटपाशी विचारतील. घरी चहा घेताना विचारतील. नाही विचारलं. सकाळी मिसेस शार्कीच्या दारात हात मिळवला आणि गेले. असला कसा माणूस, एकदाच विचारतो? दुकानात बटणं घेतानासुद्धा लोक दोनदा विचारतात. ज्याच्या मनात असतं तो एकदा विचारून गप्प बसत नाही. त्याला कडेच बघायचे होते, ते दिसले, झालं त्याचं काम. मी आपली गेटवाल्यावर जीव टाकून बसले.

आता गेट मीच उघडते, मीच लावते. फार राग येतो मला, आणि राग आहे असं म्हणते तेवढंच.

ऊना


ग्लासगो
१६ सप्टेंबर

ऊने,

तुझं पत्र वाचून आधी मी त्या माणसाला अशा शिव्या घातल्या की शेजारणीने भिंत वाजवली. एकदाच विचारतो म्हणजे काय? विधवा बाईला कड्यावर नेऊन एकदाच विचारायचं? मी आर्चीला म्हटलं, बघ, दगडाच्या काळजाची माणसं ती. आर्ची नुसता हसायला लागला, पाय धरून. मग म्हणाला, "ब्रीजी, तू आमच्या घरी आलीस तेव्हा उपाशी का मरत होतीस, ते आठवतं का?"

तू हे ऐकलेलं नाहीस, मी कुणाला सांगितलेलं नाही. मी एकोणीस वर्षांची, त्याच्या आईकडे भाड्याने राहायला आले. पहिल्या संध्याकाळी म्हातारीने विचारलं, जेवणार का? मी म्हटलं, नको, भूक नाही. तिने बरं म्हटलं आणि झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. मी खोलीत पडून रडायची, की काय कंजूष बाई आहे, तोंडदेखलं एकदा विचारते. आणि ती खाली सांगायची, काय शिष्ट पोरगी आहे, आमचं अन्न चालत नाही हिला. शेवटी आर्चीने जिन्यात मला पाव चोरून खाताना पकडलं. लग्न त्यातूनच झालं, पण ते सोड.

ऊने, तू एकदाच नको म्हणालीस ना? आपल्यात एकदा नको म्हणजे काय ते पोर्टनाशीतल्या मेंढीलाही कळतं. पण त्याला कसं कळणार? आणि तूच त्याला शिकवलंस की आधी नको म्हणायचं ते पाहुण्याने, घरच्या माणसाने आग्रह करायचा. तू घरची. पोर्टनाशीतली घरची बाई, जी पाहुणा आजारी पडेपर्यंत टार्ट वाढते, ती जर "नको" म्हणाली तर त्या बिचाऱ्याने काय समजावं? त्याने टोपी घातली आणि कड्याकडे वळला तो तुला तोंड दिसू नये म्हणून, एवढं मी इथे बसून सांगते.

त्याला पत्र लिही. आज. आडवळणाने नको, हवामान नको, मेंढ्या नकोत. या, असं लिही.

ब्रीजी


पोर्टनाशी
२१ ऑक्टोबर

प्रिय ब्रीजी,

लिहिलं होतं. तुला कळवलं नाही, कारण उत्तर आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. मिसेस शार्कीकडून पत्ता आणला, मी जिना उतरेपर्यंत ती हसत होती. पत्र चारदा लिहिलं. पहिल्या तिन्हीत मेंढ्या आल्या. चौथ्यात सरळ लिहिलं की तुमचं कड्यावरचं बोलणं मला आवडलं होतं, आमच्याकडचं नको म्हणजे नको नसतं, बस नीट करायची राहिली आहे, घरात जागा आहे, आणि मला तुम्ही यायला हवे आहात. शेवटचं वाक्य लिहून मी बाहेर जाऊन कोंबड्यांपाशी उभी राहिले, इतकी लाज वाटली.

काल उत्तर आलं. तुला जसंच्या तसं सांगते. "तुमच्या पत्राबद्दल मनापासून आभार. तुम्ही फार दयाळू आहात. पण नको. तुम्हाला माझा उगाच त्रास. बस दुसरं कुणीही नीट करील."

बस्स. तूच मला शिकवलंस ना की त्यांच्याकडे नको म्हणजे नको. मी शिकले. ह्या वेळी नीट वाचलं आणि नीट समजलं. तुझ्यावर राग नाही, तू चांगल्यासाठीच सांगितलंस, आणि विचारलं ते बरंच केलं, नाहीतर जन्मभर मनात राहिलं असतं. फक्त एवढंच की मी दुसरी खोली रंगवून ठेवली होती.

नवीन वर्षात बस विकते. किलीबेग्सच्या कारखान्यात बाई हवी आहे, उभं राहून मासे साफ करायचं काम, गप्पा असतात म्हणे.

ऊना


ग्लासगो
२८ ऑक्टोबर

माझी ऊना,

मला काही सुचत नाहीये, आणि तुला माहीत आहे असं किती वेळा होतं. मला वाटलं होतं मी त्याला ओळखलं. चुकले. डच माणसाचा नकार आहे, त्याला आपण काही करू शकत नाही.

नाताळला इथे ये. आर्ची चालायला लागलाय, तुझ्यासाठी नाचूनही दाखवील. बस मात्र नाताळपर्यंत विकू नकोस, माझ्यासाठी. मी ती विक म्हणाले होते हे माझं मत मी आता मागे घेते.

तुझी,
ब्रीजी


हार्लिंगन, हॉलंड
१८ नोव्हेंबर

प्रिय मिसेस मॅकगिन्ली,

मी हे पत्र लिहावं की नाही ह्याचा बराच विचार केला, कारण कदाचित ते रिवाजाला धरून नाही. पण टपालात पत्रं हरवतात, म्हणून लिहितो.

ऑगस्टमध्ये मी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही नको म्हणालात. मला वाईट वाटलं, पण मी मानलं. मग तुमचं पत्र आलं. ते वाचून मला कळलं की मला काहीच कळलं नव्हतं. मी ते पत्र घेऊन धक्क्यावर फिरायला गेलो आणि ओळखीच्या नसलेल्या सगळ्यांना एक बोट उचलून दाखवलं. लोकांना मी बरा नाही असं वाटलं असावं.

ह्या वेळी मला चूक करायची नव्हती. तुम्ही यजमान आहात आणि मी पाहुणा. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं, नाहीतर तो हावरट दिसतो, हे तुम्ही मला मी आजारी असताना समजावलं होतं. म्हणून मी नको म्हटलं. तुम्ही कड्यावर वापरले होते तसलेच शब्द वापरायचा प्रयत्न केला. मला वाटलं जमलं आहे.

तेव्हापासून मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघतो आहे. त्याला मी जरा कमी जोरात नको म्हणणार होतो, ते पत्र लिहून तयार आहे. पण तुमचा आग्रह आला नाही. मी पहिलं नको फार जोरात म्हटलं का? की पत्राने करायचं असेल तर नियम वेगळा आहे? बॅग भरून दाराशी ठेवली आहे. शेजारची मांजर तिच्यावर झोपते, आणि मला रोज तिला उठवून बॅग तपासावी लागते. आमच्याकडचा माणूस असता तर इतका वेळ थांबला नसता. मी थांबलो आहे.

आपला,
वीब्रन हुक्स्ट्रा


पोर्टनाशी
१२ डिसेंबर

ब्रीजी,

नाताळला मी येत नाही. तुम्हीच या, आर्चीला बोटीत घालून आण.

त्यांचं पत्र सोबत ठेवते, वाचून परत पाठव, चुलीत घालू नकोस. मी ते टपाल कचेरीच्या दारातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसले. कॉन्सेप्टा धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. मी तिला म्हटलं, तार करायची आहे हॉलंडला. तिने पेन घेतलं. मी सांगितलं, "या." तिने लिहिलं आणि पुढचं ऐकायला थांबली. मी म्हटलं, "या." परत म्हटलं, "या."

ती म्हणाली, "ऊना, एकच शब्द तीनदा कशाला? परदेशी माणूस आहे, त्याला एकदाच पुरेल."

म्हटलं, "पुरलं असतं, ऑगस्टमध्ये. आता तो आपल्यातला झालाय."

मागच्या मंगळवारी आले. बॅगेला मांजराचे केस. दारात उभे, पावसाने निथळत. मी विचारलं, चहा घेणार? चेहरा इतका गंभीर करून "छे हो, नको" म्हणाले की मला उंबऱ्यातच हसू फुटलं. कोट काढून होईपर्यंत तीन नकार झाले होते, त्यांनी स्वतःच मोजले. पाणी उकळलेलं होतं.

काल बसचं इंजिन जोडून झालं, म्हणून चालवून बघायला कड्यांकडे निघालो. वर गच्च धुकं, हातभर पुढचं दिसेना. गेटपाशी ते उतरले, गेट उघडून धरलं, मी बस आत घेतली आणि थांबले. लावायच्या ऐवजी ते तसेच खिडकीशी आले. टोपी काढली. म्हणाले, ऑगस्टचा प्रश्न परत विचारायचा आहे, आणि ह्या वेळी तिन्ही वेळा विचारीन, मला घाई नाही. मग विचारलं.

मी हो म्हटलं, ब्रीजी. पहिल्याच वेळी. नको नाही, कशाला नाही, त्रास नाही. तोंडातून निघूनच गेलं. ते इतके गांगरले की दुसऱ्यांदा विचारायला लागले, आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून ह्यूई डूगनच्या मेंढ्या उघड्या गेटातून बाहेर पडून उताराला लागल्या होत्या.

दुपारभर आम्ही दोघं धुक्यात मेंढ्या गोळा करत होतो. ह्यूईने विचारलं, गेट उघडं कसं राहिलं, तर मी खरं काय ते सांगितलं, आणि आता ते गावभर झालंय. कॉन्सेप्टा म्हणते, काय ही बाई, एकदा विचारलं की लगेच हो, काही लाजलज्जा. मी तिला म्हटलं, तिसऱ्यांदा विचारेपर्यंत थांबले असते तर सगळ्या मेंढ्या किलीबेग्सला पोचल्या असत्या.

तुझी,
ऊना